सोळा आणे आणि संगणक

अहिल्यानगर जिल्ह्यासह महाराष्ट्रातील जुन्या सातबाऱ्यांवर वारसांचे हिस्से आणे-पैत मांडलेले आढळतात. संपूर्ण जमीन म्हणजे सोळा आणे, आणि एक आणा म्हणजे बारा पै. संगणकातील डेटाबेसला बेरीज वा सरासरी उपजत येते. आणे-पै मात्र त्याच्या गावीही नसते. १९८६ च्या सुमारास बर्कली येथे मायकेल स्टोनब्रेकर यांनी आरंभिलेल्या प्रकल्पातून जन्मलेल्या पोस्टग्रेसने यावर मार्ग ठेवला आहे. सी, पर्ल किंवा पायथन भाषेत लिहिलेले फंक्शन बाहेरून जोडावे. मग ते यंत्रणेच्या अंगचेच असल्याप्रमाणे चालते.

ही सोय मोलाची आहे, यात वाद नाही. तथापि वारस तीन असले तर प्रत्येकी पाच आणे चार पै बिनचूक निघतात. सात असले तर प्रत्येकी दोन आणे तीन पै देऊन तीन पै उरतात. चार एकरांत त्या तीन पै म्हणजे अडीच गुंठे! पाथर्डीच्या जिरायतीत कुणी ते सोडूनही देईल. राहाता-श्रीरामपूरच्या कालव्याखाली तेवढ्यावरून भाऊबंदकी पेटते. ते कोणाच्या नावे जावेत, हा वस्तुतः महसुली निर्णय. पण फंक्शनमध्ये तो प्रोग्रामर एका ओळीत उरकून टाकू शकतो.

सी भाषेतील सदोष फंक्शन सबंध सर्व्हर बंद पाडू शकते, म्हणून ते जोडण्याचा अधिकार पोस्टग्रेस सुपरयूजरलाच देते. चुकीचा भागाकार करणारे फंक्शन मात्र निर्वेधपणे चालत राहते. अशा प्रत्येक फंक्शनमागील नियम महसूल खात्याने परिपत्रकाप्रमाणे मराठीत प्रसिद्ध करावा आणि तो बदलल्याची तारीख उताऱ्यावर छापावी.