छोटी दुर्बीण की मोठी? शिकाऱ्यांचं गणित आणि आपलं मचाण

ज्यांचे इयरफोन नेमके लोकलमध्येच सापडत नाहीत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलताना मारलेले "अं" आणि "म्हणजे बघा" शक्य तितके काढलेत. काही राहिले असतील, चालवून घ्या.

यावेळचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजमधून आला. त्याला बुद्धपौर्णिमेच्या रात्रीचं मचाणाचं बुकिंग मिळालंय, स्वतःचं आणि बाबांचं. बाबांनी नोकरीची अख्खी हयात "रिटायर झालो की जंगल" म्हणत काढली. आता वय बासष्ट, डोळ्यांवर चष्मा, मानेचा त्रास. बजेट दहा हजारांच्या आसपास. प्रश्न असा, की खिशात मावणारी ८×२५ दुर्बीण घ्यायची की गळ्यात अडकवायची मोठी ८×४२? शिवाय त्याची तक्रार, "यूट्यूबवर जो तो शिकारी. सगळे एल्क आणि हरणांबद्दलच बोलतात. आपल्याला याचा काय उपयोग?"

उपयोग आहे, आणि बराच आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे आपल्या दुर्बिणीच्या मागे बंदूक नसते. पण पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अर्धवट उजेडात जनावर ओळखायचं, ही अडचण दोघांची एकच. (तसंही शिकार आणि निरीक्षण हे अगदीच परके नाहीत. सालिम अलींची पक्ष्यांशी गाठ पडली ती लहानपणी एअरगनने पाडलेल्या, गळ्यावर पिवळा डाग असलेल्या चिमणीमुळे.)

तर हे शिकारी काय म्हणतात? अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणाच्या शिकारीची कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. जनावरं हलतात तीही याच वेळात. परवाना ठरावीक जनावराचाच असतो, म्हणून नर की मादी, शिंगं कशी आहेत, हे पक्कं दिसल्याशिवाय ट्रिगर दाबता येत नाही. त्यामुळे ही मंडळी उजेडासाठी जीव टाकतात. पश्चिमेकडच्या उघड्या डोंगरांत ते १०×४२ ट्रायपॉडवर लावून तासन्‌तास समोरचा उतार न्याहाळतात. पूर्वेकडच्या दाट रानात ८ पटीवर भागतं. जर्मनीत चांदण्या रात्री उंच मचाणावर बसून रानडुकराची वाट बघणारे मात्र थेट ८×५६ वापरतात. मचाण, चांदणं, वाट बघणं. ओळखीचं वाटतंय ना? आपल्या श्रोत्याची रात्र एल्कवाल्यांपेक्षा या जर्मन मंडळींच्या जास्त जवळची आहे.

आता आकड्यांकडे येऊ. ८×४२ मध्ये ८ म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते ते, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानदार पहिल्या आकड्यावर माल विकतो, पण रात्रीचा खेळ दुसऱ्यावर चालतो. फोनचंच बघा. डिजिटल झूम कितीही करा, सेन्सर लहान असेल तर रात्रीचा फोटो म्हणजे नुसती रांगोळी. तसंच हे. भिंगाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर जातं, म्हणजे ४२ चं भिंग २५ च्या भिंगापेक्षा जवळजवळ २.८ पट प्रकाश गोळा करतं.

पण गोळा झालेला सगळा प्रकाश डोळ्यात शिरतो का? इथे खरी गंमत आहे. व्यासाला पटीने भागा. ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. दुर्बिणीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ही जाडी. इंग्रजीत एक्झिट प्यूपिल. ८×३२ ची ४, ८×२५ ची ३.१, आणि १०×२५ ची फक्त २.५. दुसऱ्या बाजूला आपल्या डोळ्याची बाहुली. भर उन्हात ती २-३ मिलिमीटरपर्यंत आकसते. म्हणजे दुपारी बारा वाजता ८×२५ आणि ८×४२ दोन्ही जवळपास सारख्याच उजळ दिसणार, कारण जाड झोताचा बाहेरचा भाग बाहुलीच्या कडेवर आपटून वाया जातो. कॉम्पॅक्ट दुर्बीण दुकानात छान वाटते ती यामुळेच. दुकानात ट्यूबलाइट असते!

अंधारात बाहुली उघडते. विशी-पंचविशीत ७ मिलिमीटरपर्यंतही जाते. साठीनंतर बऱ्याच जणांची ५ च्या आसपास किंवा त्याहून कमीच उघडते. आता हिशोब मांडू. काचेत होणारी गळती बाजूला ठेवा आणि बाबांची बाहुली ५ धरा. ८×४२ चा झोत सव्वापाचचा, म्हणजे बाहुली पूर्ण भरली. नुसत्या डोळ्यांना पाणवठा जेवढा उजळ दिसतो तेवढाच, पण आठपट जवळ. ८×३२ मध्ये हा उजळपणा ६४ टक्क्यांवर येतो आणि ८×२५ मध्ये ३९ टक्क्यांवर. मुलाची बाहुली ७ धरली, तर ८×४२ मध्ये ५६ टक्के आणि ८×२५ मध्ये जेमतेम २०. म्हणजे चांदण्यात, पाण्याच्या कडेला जे काळं काहीतरी हललं ते अस्वल की रानडुक्कर, हा प्रश्न कॉम्पॅक्टवाल्याकडे बराच वेळ प्रश्नच राहील.

आणि जर्मनांची ८×५६? तिचा झोत ७ मिलिमीटरचा. मुलाला पुरेपूर फायदा, पण बाबांना ४२ च्या पुढे काडीचाही नाही. उलट किलोभर वजन गळ्यात. मोठी घ्यावी हे खरं, पण किती मोठी हे वयाला विचारून ठरवावं लागतं. हे कुठल्या बॉक्सवर लिहिलेलं मला अजून दिसलेलं नाही.

मग १०×४२ का नको, असं विचारणारे असतीलच. पाणवठा मचाणापासून फार लांब नसतो, त्यामुळे जादा पटीची तिथे गरज नाही. शिवाय १० पटीमध्ये हाताची थरथरही दहापट दिसते आणि दिसणारा परिसर आक्रसतो. अंधारात, झोपाळलेल्या डोळ्यांनी, "अरे कुठे गेलं ते?" करत बसावं लागतं. भिगवणला उजनीच्या पाण्यावर दूरचे पट्टकादंब बघायचे असतील तर १० पट जरूर घ्या. पण १०×२५ मात्र माझ्या मते कुणीच घेऊ नये. थरथर जास्त, उजेड कमी, आणि डोळा जरा सरकला की चित्र काळं.

वजनाचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण मानेचा त्रास हा काही चोचलेपणा नाही. चांगली कॉम्पॅक्ट साधारण ३०० ग्रॅमची, ८×३२ पाचशेच्या आसपास, ८×४२ सहाशे ते आठशे. पण मचाणावर आपण चालत नाही, बसून असतो. कोपर कठड्यावर टेकवायचं, नाहीतर गुडघ्यावर. हातात घेतल्यावर थोडं वजन उलट दुर्बीण स्थिर ठेवायला मदत करतं. आणि गळ्याच्या पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवरून जाणारा हार्नेस मिळतो, तो बाबांना घ्याच. भार मानेवर येतच नाही.

चष्मेवाल्यांसाठी अजून एक आकडा महत्त्वाचा, आय रिलीफ. मागच्या काचेपासून डोळा किती अंतरावर ठेवला तर पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर. चष्मा लावून बघायचं असेल तर निदान १५ मिलिमीटर हवं, १७-१८ असेल तर उत्तम. कमी असेल तर चित्र नळीतून बघितल्यासारखं मधोमध एवढंसं दिसतं. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये हा आकडा बहुतेकदा लहान असतो, आणि काही जुन्या घाटाच्या मोठ्या दुर्बिणींमध्येसुद्धा.

जुना घाट म्हणजे पोरो. सिनेमातल्या कॅप्टनच्या हातात असते ना, खांदे बाहेर आलेली, ती. सरळ नळ्यांची असते ती रूफ. रूफमधले प्रिझम अचूक बनवायला आणि त्यांवर थर चढवायला खर्च येतो, म्हणून कमी बजेटमध्ये त्याच पैशात पोरोचं चित्र सहसा सरस असतं. पण पोरो अवजड, आणि स्वस्तातल्या पोरो बहुधा पाण्याला टिकत नाहीत. चष्मा नसता तर मी या श्रोत्याला डोळे मिटून पोरो सांगितली असती. बाबांसाठी मात्र आय रिलीफ मोठं असलेली साधी रूफ ८×४२. मॉडेलचं नाव मुद्दाम घेत नाहीये, दर सेलमध्ये भाव बदलतात आणि मग शिव्या मला बसतात.

मग कॉम्पॅक्ट कुणी घ्यायची? सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांनी, जरूर. हरिश्चंद्रगड चढताना पाठीवर पाणी, टेंट, मॅगी असताना पाऊण किलोची दुर्बीण घरीच राहते, आणि मग कड्यावरचं गिधाड नुसता ठिपका म्हणून बघावं लागतं. दिवसाउजेडी ८×२५ ला तिथे काहीही कमी नाही. भीमाशंकरच्या झाडीत शेकरू बघायला किंवा आंबोलीला पावसाळी ढगांत फिरायला मात्र ८×३२ पर्यंत तरी या, कारण दाट छताखाली दुपारीही संध्याकाळच असते.

खरेदीला दुकानात गेलात तर संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी जा. दुर्बीण घेऊन बाहेर या आणि समोरच्या बोळातली सगळ्यात अंधारी पाटी वाचून बघा. मग दुर्बीण हातभर लांब धरून मागच्या काचांत बघा, उजेडाची दोन वर्तुळं दिसतील. ती गोल हवीत. कडा कापल्यासारखी चौकोनी दिसली तर प्रिझमची काच हलकी आहे. पट्टी घेऊन त्या वर्तुळाचा व्यास मोजा आणि पुढच्या भिंगाच्या व्यासाला त्याने भागा, खरी पट निघेल. ऑनलाइन "१००×१८०, नाइट व्हिजन" असं काहीबाही लिहून हजारभर रुपयांत जे विकतात, त्याची पोल या एका भागाकारात उघडते. बाबांना बरोबर न्या, चष्मा लावून आणि आयकप खाली फिरवून बघू द्या. दोन मिनिटांत डोकं जड झालं, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. ती परत द्या.

दोघांत एकच दुर्बीण असेल तर आणखी एक काम घरी करून ठेवा. उजव्या डोळ्याच्या काचेपाशी डायॉप्टरची कडी असते, ती प्रत्येकासाठी वेगळ्या खुणेवर लागते. दोघांच्या खुणा दिवसा पाठ करा. रात्री दोन वाजता "तुला नीट दिसतंय, मला धूसर" हा संवाद कुजबुजतसुद्धा करता येत नाही.

आणि मचाणावर फोन खिशात. सायलेंट नाही, बंद! डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि स्क्रीनवर एकदा नजर टाकली की ती बरीचशी कमाई गेली. चार हजार जास्त घालून मिळवलेला उजेड एका नोटिफिकेशनवर उधळू नका.

पौर्णिमेनंतर महिनाभरात पाऊस येतो, आणि दमट हवेत काचेवर बुरशी धरते. चामडी केस घरात शोभेला ठेवा. दुर्बीण स्वयंपाकघरातल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन-चार पुड्यांसकट. पुड्या आईला आधी दाखवून ठेवा, म्हणजे साखरेच्या समजून कुणी फोडणार नाही.