पडा, उठा आणि पुन्हा उडा!

बालमित्रांनो, आधी एक कोडं सोडवा पाहू. चार चाकं आहेत, पण गाडी नव्हे. फळी आहे, पण झोपाळा नव्हे. वर उभं राहायचं, पण धरायला दोरी नाही की दांडा नाही. ओळखा पाहू काय?

शाबास! स्केटबोर्ड!

आता आपल्या रत्नागिरीत स्केटबोर्ड चालवायचा म्हटलं, तर मोठी पंचाईत. सपाट रस्ता मिळायची मारामार. जिकडे बघावं तिकडे चढ-उतार, वाडीत शिरायला जांभ्या दगडाची पाखाडी आणि जून लागला की चार महिने धो धो पाऊस. स्केटबोर्डची चाकं तर एवढीशी, मोठ्या लिंबाएवढी. वाटेत खडा आला, की फळी मागे आणि स्वार पुढे!

तरीसुद्धा तुमच्यापैकी कितीतरी जणांनी स्केटबोर्ड 'चालवला' आहे, हे मला ठाऊक आहे. गणपतीला मुंबईचा चुलतभाऊ आला, की आरती होईपर्यंत त्याच्या मोबाईलभोवती सगळ्यांची डोकी जमतात. बोटानं बटण दाबायचं आणि पडद्यावरचा पोरगा कठड्यावरून सुर्रकन घसरत जातो. शाळेत मग ऐकू येतं, "बाई, एकदा सुरू केला ना, की सोडवतच नाही हो!"

का बरं सोडवत नाही? नुसती चित्रं छान असतात म्हणून? मग नुसता बघायला बसलेला धाकटा भाऊ पाच मिनिटांत "मला दे, मला दे" असं का करतो? चला, हा गेम जरा उघडून आत काय आहे ते बघू या.

विटी उडते तसा बोर्ड उडतो

स्केटबोर्ड पायाला बांधलेला नसतो. मग मुलगा उडी मारतो तेव्हा बोर्डही त्याच्याबरोबर वर कसा येतो? हे गुपित तुम्हांला आधीपासून ठाऊक आहे. विटीदांडू आठवा. जमिनीवरच्या विटीच्या टोकावर दांडू हाणला, की विटी टुण्णकन वर उडते. बोर्डचंही तसंच. मागच्या पायानं बोर्डचं शेपूट जमिनीवर जोरात आपटायचं. पुढचं टोक वर उचललं जातं. त्याच क्षणी पुढचा पाय घासत पुढे न्यायचा, की बोर्ड हवेतच सपाट होतो. या उडीला 'ऑली' म्हणतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातला अ‍ॅलन गेलफंड नावाचा मुलगा १९७० च्या दशकाच्या अखेरीस उतारावर अशी उडी मारू लागला. त्याचं टोपणनाव ऑली, म्हणून उडीही ऑली! पुढे रॉडनी मलननं ती सपाट जमिनीवर मारून दाखवली.

खरी ऑली शिकायला कित्येक आठवडे जातात. गेममध्ये मात्र एक बटण सोडलं, की झाली उडी. मजेचं पहिलं कारण हेच. सुरुवात अगदी सोपी. पहिल्याच मिनिटाला वाटतं, अरे, मला येतंय की!

पण सगळंच सोपं असतं, तर दुसऱ्या दिवशी कंटाळा आला असता. २००७ साली 'स्केट' नावाचा गेम आला. त्यात उडीसाठी बटण नव्हतंच. कंट्रोलरवरची छोटी दांडी अंगठ्यानं आधी खाली ओढायची आणि मग झटकन वर ढकलायची. म्हणजे बोर्डवर पाय जे करतो, तेच अंगठ्यानं करायचं. आधी सगळे चुकायचे. पण जमलं, की 'गेमनं उडी मारली' असं वाटायचं नाही. 'मी मारली' असं वाटायचं.

मागे लागल्या मधमाश्या!

मजेचं दुसरं कारण म्हणजे घड्याळ. १९८६ साली अटारी कंपनीनं '७२० डिग्रीज' नावाचा गेम काढला होता. नाणं टाकून उभ्यानं खेळायचं मोठं यंत्र असायचं ना, त्यातला. रस्त्यावर उनाडत बसलात आणि वेळ संपली, तर काय व्हायचं माहीत आहे? मधमाश्यांचं मोहोळ मागे लागायचं! पळा, नाहीतर खेळ खलास.

मग १९९९ साली 'टोनी हॉक्स प्रो स्केटर' आला. कॅलिफोर्नियातल्या निव्हरसॉफ्ट कंपनीनं तो प्लेस्टेशनसाठी बनवला. त्यात मधमाश्या नव्हत्या, होती फक्त दोन मिनिटं. तेवढ्या वेळात गुण मिळवायचे, काही वस्तू फोडायच्या, लपवलेली टेप शोधायची आणि अवघड जागी ठेवलेली पाच इंग्रजी अक्षरं गोळा करून 'स्केट' हा शब्द पुरा करायचा. चार अक्षरं मिळाली आणि पाचवं राहिलं, की काय होतं? "फक्त दोन मिनिटं, आई, आलोच!" आणि आई बिचारी ताट वाढून वाट बघते.

दोन मिनिटं हे माप फार हुशारीनं निवडलेलं आहे. हरलं तरी दुःख मोठं नाही, कारण गेली ती दोनच मिनिटं. आणि पुन्हा सुरू करायलाही जिवावर येत नाही.

हाव आणि गणित

आता वही-पेन्सिल घ्या. या गेममध्ये एकामागून एक, मध्ये न थांबता केलेल्या करामतींच्या गुणांची आधी बेरीज होते. मग त्या बेरजेला करामतींच्या संख्येनं गुणतात. समजा, तीन करामती केल्या, १००, २०० आणि ३०० गुणांच्या. बेरीज ६००. तीन करामती, म्हणून ६०० गुणिले ३, म्हणजे १८००. आता चौथी अगदी साधी, १०० गुणांचीच जोडली, तर? ७०० गुणिले ४, म्हणजे २८००! शंभराच्या करामतीनं हजाराची भर घातली.

पण खरी गंमत पुढेच आहे. हे गुण लगेच जमा होत नाहीत. चाकांवर नीट उतरलात, तरच तुमचे. आपटलात, तर हातात भोपळा! म्हणजे दर क्षणाला मनात भांडण, आता उतरू की आणखी एक करू? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू का? छाती धडधडते ती यामुळे.

शिवाय तीच ती करामत पुन्हा पुन्हा केली, तर तिचे गुण घटत जातात. मोदक कितीही आवडले, तरी एकविसावा पहिल्यासारखा लागतो का? म्हणून नवीन काहीतरी शिकावंच लागतं. आपल्या आजोबांच्या विटीदांडूतही हेच होतं. वकट, लेंड, मुंड असं मोजत जायचं आणि आकड्याप्रमाणे विटी कधी पायावर, तर कधी मुठीवर ठेवून टोला मारायचा. एकच टोला घोटून कुणाला जिंकता येत नसे.

२००० साली या गेमचा दुसरा भाग आला. त्यात दोनच चाकांवर तोल सांभाळत पुढे जाण्याची सोय केली. आता सपाट जमिनीवरूनही एका करामतीला दुसरी जोडता येऊ लागली. एक छोटा नियम वाढला आणि सगळं मैदान नवीन झालं! २०२० साली हे दोन्ही भाग नव्या चित्रांनिशी परत आले. चित्रं बदलली, पण दोन मिनिटं तीच राहिली.

पडण्याची किंमत

आता सगळ्यात महत्त्वाचं. या गेममध्ये माणूस किती वेळा पडतो? मोजून बघा, नवशिका असेल तर मिनिटाला चार-पाचदा सहज. पण पडला, की एका क्षणात उठून उभा. त्याला कुणी ओरडत नाही, हसत नाही, आणि 'तुझा डाव गेला' म्हणत बाहेरही काढत नाही. शिवाय का पडलो, ते आपल्याला नीट दिसतं. बोर्ड तिरका होता, उडी उशिरा मारली. चूक दिसली, की ती सुधारावीशी वाटते. ज्या गेममध्ये बटण दाबूनही उडी होत नाही, तिथे राग येतो. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये पंच खोटं बोलला, की येतो ना, तसाच.

मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. मला एक गोष्ट नेहमी दिसते. तेच मूल पाटीवर भराभरा लिहितं आणि वहीवर मात्र पेन्सिल टेकवायला घाबरतं. का? पाटीवर चुकलं, तर ओल्या फडक्यानं पुसलं की संपलं. वहीत चुकलं, तर लाल शाई! पाटीवर पडण्याची किंमत कमी, म्हणून तिथे मूल धीट. गेममध्ये तुम्ही धीट असता, ते याच कारणानं. गणिताला डोकं नाही म्हणणारा मुलगा मघाचा ७०० गुणिले ४ चा हिशेब गेममध्ये तोंडी करतो. डोकं तेच असतं, भीती तेवढी नसते.

म्हणून माझं एक ऐका. प्रत्येकानं एक कच्ची वही करा. तिच्यात चुकायला पूर्ण परवानगी. लाल शाई नाही, गुण नाहीत. एक उदाहरण दहादा चुकलं तरी चालेल, फक्त दर वेळी कुठे पडलो ते बघायचं.

खरी फळी, खरे गुडघे

पडद्यावरच्या पोराचे गुडघे फुटत नाहीत, आपले फुटतात. २७ जून १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये टोनी हॉक हवेत ९०० अंशांची फिरकी घेऊ बघत होता. एक गिरकी ३६० अंशांची, म्हणजे सलग अडीच गिरक्या! एकामागून एक प्रयत्न फसले. वेळ संपली, तरी तो पुन्हा पुन्हा चढतच राहिला. शेवटी साधली! स्पर्धेत ही करामत साधणारा तो पहिला. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. दर पडण्याची किंमत त्यानं अंगानं मोजली होती.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या पुण्याची श्रद्धा गायकवाड आहे ना! तिचे वडील सुरक्षारक्षक. ते ज्या खेळाच्या साहित्याच्या दुकानात कामाला होते, तिथेच तिची स्केटबोर्डशी गट्टी जमली. २०२२ साली गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तिनं स्केटबोर्डिंगचं सुवर्णपदक पटकावलं. त्याच्या आदल्याच वर्षी, टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानची मोमिजी निशिया अवघ्या तेराव्या वर्षी सुवर्णपदक जिंकली होती. तुमच्यातल्या ताई-दादांच्याच वयाची! खरा बोर्ड हाती आला, तर हेल्मेट, गुडघ्याच्या आणि कोपराच्या गाद्या घातल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, बरं का. आणि रहदारीच्या रस्त्यावर तर मुळीच नाही.

एक छोटी परीक्षाही घ्या. 'सोडवत नाही' हे दोन तऱ्हांचं असतं. काल न जमलेली उडी आज जमेल असं वाटतं, ती एक तऱ्हा. आणि 'उद्या आला नाहीस तर बक्षीस जाईल', 'पैसे भर म्हणजे पुढे जाशील' असं गेमच सांगतो, ती दुसरी. पहिल्या तऱ्हेत तुम्ही खेळता. दुसऱ्या तऱ्हेत गेमच तुम्हांला खेळवतो. बंद केल्यावर स्वतःला विचारा, आज मला नवीन काय आलं? उत्तर सापडलं नाही, तर तो गेम खुशाल काढून टाका.

आता तुमची पाळी

लाईट गेली, की गेम बंद. कागद मात्र चालूच! आपल्या गावाचा एक नकाशा काढा आणि त्यातून स्वतःचा गेम बनवा. रत्नागिरीकर मांडवीची जेटी, भाट्याचा पूल, थिबा राजवाड्याचा उतार आणि रत्नदुर्गाची तटबंदी घेऊ शकतील. वेळ दोन मिनिटं. 'रत्नागिरी' या शब्दाची चार अक्षरं कुठे लपवाल? सगळ्यात अवघड जागी कोणतं ठेवाल? वाटेत पाखाडीच्या पायऱ्या किती? आणि गडी पडला, तर पुन्हा कुठून सुरू करेल?

काढून झाला, की शेजारच्या मित्राला बोटानं खेळायला द्या. त्याला पहिल्याच फेरीत सगळी अक्षरं मिळाली, तर गेम फार सोपा झाला. दहा फेऱ्यांत एकही मिळालं नाही, तर फार कठीण. आणि "थांब, थांब, आणखी एकदाच!" असं तो म्हणाला, तर समजा की जमला!