बांधकाम कंपन्यांचें कर्ज व जमीनमालकाचें स्थान

शहरांच्या वेशी आतां खेड्यांच्या शिवारास येऊन भिडल्या आहेत. मोठा रस्ता जवळून गेला, कीं बांधकाम कंपनीचे मध्यस्थ कराराचा मसुदा घेऊन शेतकऱ्याच्या ओसरीवर येऊन बसतात. अशा वेळीं आमचे बहुतेक बंधु जमिनीचा भाव तेवढा विचारतात. देणाऱ्याजवळील पैसा कोणाचा, हें विचारीत नाहींत. एवढाले इमले उठविणारी कंपनी म्हणजे पैशाची रास, असा त्यांचा समज असतो. वस्तुतः या धंद्याचा डोलारा बहुतांशीं कर्जावर उभा असतो, आणि तें कर्ज देणाऱ्यांच्या पंक्तींत जमीनमालकही नकळत जाऊन बसतो. हें कसें घडतें, तें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

या धंद्यांत कर्जाचा उपयोग पहारेसारखा होतो. नुसत्या हातानें न हलणारा दगड पहारेनें हलतो, तद्वत् थोड्या भांडवलावर मोठी मालमत्ता हातीं येते. समजा, एका कंपनीनें १ कोटि रुपयांची मालमत्ता घेतली. तींत स्वतःचे २५ लक्ष घातले व ७५ लक्ष दरसाल दरशेंकडा १२ प्रमाणें कर्जाऊ काढले. वर्षाचें व्याज ९ लक्ष झालें. वर्षअखेर भाव शेंकडा २० चढला, तर १ कोटि २० लक्षांतून मुद्दल व व्याज मिळून ८४ लक्ष वजा जातां ३६ लक्ष उरतात. म्हणजे २५ लक्षांवर ११ लक्ष, अर्थात् शेंकडा ४४ नफा. सर्व पैसा घरचा असता तर नफा शेंकडा २० च झाला असता. आतां उलट बाजू पाहूं. भाव शेंकडा १५ उतरला, तर ८५ लक्षांतून तेच ८४ लक्ष जाऊन हातीं एक लक्ष राहतें. भांडवल बुडाल्यासारखेंच झालें. आणि भाव जागच्या जागीं राहिला, तरी व्याजाचे ९ लक्ष भांडवलांतूनच जातात. म्हणून या धंद्यांत भाव उतरण्याइतकाच विलंबही घातक असतो. परवानगी अडली किंवा सदनिका विकल्या गेल्या नाहींत, तरी व्याज थांबत नाहीं. शेतकऱ्यास हें निराळें सांगावयास नको. पीक बुडालें म्हणून सावकारानें व्याज सोडल्याचें क्वचितच कोणीं ऐकिलें असेल.

हा परका पैसा तीन वाटांनीं येतो. पहिली वाट बँका, वित्त कंपन्या व कर्जरोखे घेणारे यांची; हे बहुधा जमीन व इमारत तारण घेऊनच पैसा देतात. दुसरी वाट घरें घेणाऱ्यांच्या आगाऊ हप्त्यांची. एका इमारतीचे हप्ते दुसऱ्या जमिनीच्या खरेदीस लावण्याची चाल पूर्वीं फार होती. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें अशा जमेपैकीं शेंकडा ७० रक्कम स्वतंत्र बँकखात्यांत ठेवून त्याच योजनेच्या जमिनीवर व बांधकामावर खर्चावी, असें बंधन घातलें. तिसरी वाट जमीनमालकाची. थोडी रक्कम आज व बाकी इमारत उठल्यावर, किंवा रकमेऐवजीं सदनिकांचा वांटा, असा जो करार होतो, तो व्यवहारांत उधारीच होय. फरक एवढाच कीं, बँक तारण व व्याज दोन्ही घेते. जमीनमालक पुष्कळदां दोहोंपैकीं एकही घेत नाहीं.

याचा परिणाम दिल्लीजवळील नोएडा व ग्रेटर नोएडा येथें दिसून आला. तेथील विकास प्राधिकरणांनीं किंमतीचा सुमारें दहावा हिस्सा आरंभीं घेऊन, बाकी हप्त्यांनीं फेडण्याच्या बोलीवर बांधकाम कंपन्यांस जमिनी पट्ट्यानें दिल्या. आम्रपाली नांवाच्या समूहानें जमिनीची बाकी थकविली, बँकांचें कर्ज थकविलें व घरें घेणाऱ्यांचा पैसा अन्यत्र वळविला. सुमारें ४२,००० ग्राहक अडकून पडले. २३ जुलै २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या समूहाची नोंदणी रद्द करून अपुरीं घरें पुरीं करण्याचें काम एका सरकारी बांधकाम कंपनीकडे सोंपविलें, आणि प्राधिकरणांनीं व बँकांनीं आपलें येणें त्या घरांतून वा जमिनींतून वसूल करूं नये, असा निर्णय दिला. जमीन देणारी संस्था सरकारी असूनही ती जमीन बाकीपोटीं तिच्या हातीं आली नाहीं.

मुंबईंतील गोरेगांव येथें म्हाडाच्या जमिनीवर पुनर्बांधणीचा करार झाला होता. कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईंत गेल्यावर म्हाडानें करार रद्द करून जमीन परत मागितली. परंतु कारवाईंतील स्थगिती चालू असेपर्यंत कंपनीच्या ताब्यांतील जमीन मालकास परत घेतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याच्या १४ व्या कलमांत हा नियम आहे. त्याच कायद्यान्वयें कंपनी मोडींत निघाली, तर प्रथम कारवाईचा खर्च, नंतर कामगारांचें २४ महिन्यांचें येणें व तारण असलेले धनको, आणि मग इतर, अशा क्रमानें वांटणी होते. ज्याच्या हातीं केवळ वचन आहे, त्याची जागा मागें.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां सात-बाराच्या 'इतर हक्क' या रकान्यांत अनेक बोजे चढतांना आम्हीं पाहिले. त्यांतील एक विसरत नाहीं. एका बागाईतदारानें विकसन करारासोबत कुलमुखत्यारपत्र लिहून दिलें होतें. त्यांत जमीन गहाण ठेवण्याचा अधिकार एका ओळींत होता. ती ओळ त्यानें वाचली नव्हती. कंपनीनें कर्ज काढलें, पाया भरून काम थांबलें, आणि नोटीस मालकाच्या नांवें आली. शेतजमिनीस २००२ च्या सरफेसी कायद्याची जप्ती लागू नाहीं. पण जमीन बिनशेती होऊन तीवर बांधकाम सुरू झालें, कीं तें कवच उरत नाहीं, आणि ६० दिवसांच्या नोटिशीनंतर धनकोस दावा न लावतां ताबा घेण्याची वाट मोकळी होते. तो गृहस्थ कचेरीच्या पायरीवर बसून एवढेंच म्हणाला, "भाऊसाहेब, कर्ज मीं काढलेंच नाहीं हो."

म्हणून सही करण्यापूर्वीं पुढील गोष्टी कराव्या.

(१) कंपनीच्या इतर योजना कोठवर आल्या, हें महारेराच्या संकेतस्थळावर व तिच्या मालमत्तेवरील बोजे कंपनी निबंधकाच्या नोंदींत पाहतां येतात, ते पाहावे.

(२) मुखत्यारपत्रांत गहाणाचा अधिकार देऊं नये. द्यावाच लागला, तर तो कंपनीच्या वांट्यापुरता असावा, व कर्जाची रक्कम त्याच जमिनीवरील बांधकामास लावावी, असें लिहून घ्यावें.

(३) पूर्ण रक्कम मिळण्यापूर्वीं खरेदीखत करावें लागलें, तर 'सर्व मोबदला पावला' असें लिहून देऊं नये. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें न मिळालेल्या किंमतीचा बोजा विक्रेत्याच्या बाजूनें त्या मालमत्तेवर राहतो. पण बाकीची माहिती नसतां मोल देऊन पुढें ती घेणाऱ्याविरुद्ध तो चालत नाहीं. यास्तव बाकी आंकड्यांनीं व अक्षरांनीं लिहून दस्त नोंदवावा.

(४) वांट्याच्या सदनिका मजला व क्रमांक घालून लिहाव्या, मुदत ठरवावी, आणि तिच्यापोटीं बँकेची हमी मागावी.

(५) अशा सदनिका मालक स्वतः विकूं लागला, तर स्थावर संपदा कायद्याप्रमाणें तोही प्रवर्तक म्हणून जबाबदार ठरूं शकतो, हें ध्यानांत असूं द्यावें.

कर्ज काढणें हा कांहीं दोष नव्हे. शहरांस घरें हवींत व पहारेवांचून मोठा दगड हलत नाहीं. परंतु पहार निसटल्यास ती कोणाच्या पायावर पडेल, हें आधीं पाहिलें पाहिजे. बँक तारणावांचून पैसा देत नाहीं. शेतकरी बंधूंनींही तारणावांचून जमीन देऊं नये, एवढीच विनंति आहे.