बियाणींना आदरांजली वाहताना

वऱ्हाडात दिवंगत पुढाऱ्यावर लिहायच्या मजकुराचा एक साचा आहे. तुरुंगवास, मंत्रिपद, संस्था आणि शेवटी पदवी. ब्रिजलाल बियाणी (१८९६–१९६८) यांच्यावरच्या लेखांत ‘विदर्भ केसरी’ हटकून येते. हा केसरी कशासाठी गर्जत होता, ते मात्र एखाद्या वाक्यात उरकले जाते. ते का, हे तपासण्यासारखे आहे.

बियाणींचे घराणे मूळ राजस्थानचे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेले, पुढच्या दशकात अमेरिकेतल्या यादवीने इथल्या कापसाला सोन्याचा भाव आणला, पाठोपाठ आगगाडी आली. अकोला, खामगाव, अमरावतीच्या बाजारांत मारवाडी पेढ्यांनी पाय रोवले ते या उलाढालीत. पेढीवर कर्ज काढणाऱ्या कास्तकाराच्या मनात त्यांच्याविषयी अढीही होती. अशा समाजातला माणूस विदर्भ प्रांतिक काँग्रेसचा अध्यक्ष झाला, घटना समितीवर गेला, जुन्या मध्य प्रदेशाचा अर्थमंत्री झाला. ‘कल्पना कानन’ हिंदीत लिहिले, पण अकोल्याच्या मराठी ‘मातृभूमि’च्या पाठीशीही तोच उभा होता.

आता ८ ऑगस्ट १९४७चा अकोला करार पाहा. संयुक्त महाराष्ट्रात महाविदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र असे दोन उपप्रांत, दोघांना आपापले विधिमंडळ आणि मंत्रिमंडळ. हे न जमल्यास महाविदर्भाचा वेगळा प्रांत. या कागदावर बियाणींची सही आहे, पंजाबराव देशमुखांचीही आहे. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने आठ जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. १९५६मध्ये मात्र विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. बियाणी स्वतंत्र विदर्भाच्या बाजूने बोलत राहिले.

त्यांना मिळालेले उत्तर मोठे सोपे होते : ही मागणी मारवाडी भांडवलदारांची. तीच मागणी वणीचे बापूजी अणे करत होते. त्यांना विरोध झाला, पण त्यांचे कूळ कोणी काढले नाही. दोघेही १९६८ सालीच गेले. विदर्भ व्हावा की न होवो, हा वेगळा वाद; मला स्वतःला करारातली उपप्रांतांची तोड अधिक शहाणपणाची वाटते. पण युक्तिवादाला उत्तर द्यायचे सोडून माणसाचे मूळ गाव विचारणे, हा प्रकार तेव्हा चालून गेला. आजचे गौरवलेख विदर्भाचा मुद्दा गाळतात, तेव्हा ते नकळत त्याच आरोपावर शिक्का मारतात.

स्थलांतरितांच्या वंशजांना आपले म्हणण्याची रीत देशोदेशी वेगळी आहे. बियाणींहून एकच वर्षाने मोठे फ्रँक लाउशे हे स्लोव्हेनियातून अमेरिकेत आलेल्या आईबापांचे पुत्र. ते क्लीव्हलँडचे महापौर, ओहायोचे गव्हर्नर आणि पुढे सिनेटर झाले. क्लीव्हलँडचे स्लोव्हेनियन लोक त्यांना आपले म्हणतात आणि ओहायोच्या सरकारी इमारतीलाही त्यांचे नाव आहे. मूळ सांगितल्याने तिथे ओहायोपण उणे होत नाही. आपल्याकडे बियाणींवर लिहिताना एक तर ‘मारवाडी समाजाचे भूषण’ होते, नाही तर नुसते ‘केसरी’.

कराराच्या गावी, अकोल्यात, अमरावतीच्या पंजाबरावांच्या नावाचे कृषी विद्यापीठ आहे. अकोल्याच्या बियाणींच्या नावाचे विज्ञान महाविद्यालय अमरावतीत आहे. दोन्ही ठिकाणी तसबिरीला हार पडतो. त्या तसबिरीखाली कराराची चार कलमे लावायला फार जागा लागणार नाही.