न्यूमोनिया हटत नाही तेव्हा

मागच्या व्याख्यानात न्यूमोनिया कसा होतो ते आपण पाहिलं. आजचा प्रश्न पुढचा. औषध चालू आहे, तरी आजार हटत नाही. मग आम्ही डॉक्टर मंडळी काय शोधतो?

आधी 'हटत नाही' हे कशावरून ठरवायचं? नेहमीच्या जिवाणूंचा न्यूमोनिया असेल आणि अँटिबायोटिक लागू पडलं असेल, तर बहुतेकदा ४८ ते ७२ तासांत ताप उतरू लागतो, धाप कमी होते, जेवणावर वासना येते. एक्स-रे मात्र मागे रेंगाळतो. धडधाकट तरुणालाही चार-सहा आठवडे लागू शकतात, वयस्कर किंवा बिडी ओढणाऱ्या माणसाला १२ आठवडेसुद्धा. पाचव्या दिवशी नातेवाईक फिल्म उजेडाला धरून म्हणतात, "डॉक्टर, डाग तसाच आहे!" तेव्हा आम्ही फिल्मआधी पेशंटकडे बघतो. पेशंट सुधारतोय, तर डागासाठी थांबता येतं. पेशंटच सुधारत नसेल, तर थांबायचं नाही.

पण थांबायचं नाही म्हणजे लगेच आणखी 'भारी' अँटिबायोटिक लावायचं, असंही नाही. ही सवय आपल्याकडे फार आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त फसवतो तो क्षय. एरवी क्षय फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतो. मधुमेह असेल तर खालीही दिसतो, आणि मग तो थेट न्यूमोनियासारखा भासतो. अशा पेशंटला लिव्होफ्लॉक्सासिन दिलं की काय होतं बघा. हे औषध क्षयाच्या जंतूंवरही थोडंफार चालतं. ताप उतरतो, घरचे खूश, आम्हीही खूश! गोळ्या संपल्या की पंधरा दिवसांत ताप परत. मधल्या काळात थुंकीत जंतू सापडणं अवघड होतं, आणि तेच औषध पुढे निकामी ठरण्याचा धोका वाढतो. म्हणून शंका असेल तर आधी थुंकी, मग ते औषध. सीबीनॅट तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, यंत्र साधारण दोन तासांत उत्तर देतं. नमुना मात्र खोल खोकून काढलेल्या बेडक्याचा हवा. नुसती लाळ दिलीत तर यंत्र तरी काय करणार?

क्षय नसेल तर? फुप्फुसाभोवती पू साचला असेल तर बाटल्यांमागून बाटल्या लावून भागत नाही, तो नळी घालून काढावा लागतो. सोनोग्राफीत तो चटकन दिसतो. पुन्हा पुन्हा त्याच जागी न्यूमोनिया होत असेल, तर तिथली नळी कशाने तरी अडली आहे असं समजून सीटी स्कॅन आणि दुर्बिणीची तपासणी करावी लागते. लहान मुलात शेंगदाणा निघतो, म्हाताऱ्या माणसात सुपारीचं खांड. कधी गाठ निघते, आणि ती वेळेत सापडणं फार मोलाचं असतं.

कोकण-गोव्याकडे पावसाळ्यात, चिखलात काम करणाऱ्या मधुमेही माणसात मेलिऑइडोसिसही आठवावा लागतो. त्याचा जंतू मातीत राहतो, नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद देत नाही, आणि लॅबमध्ये 'स्यूडोमोनास' म्हणून निसटू शकतो. लॅबला शंका आधी कळवलेली बरी.

आणि तुमच्या हातात असलेलं एक काम: जुने एक्स-रे फेकू नका, येताना पिशवीत घेऊन या. दोन वर्षांपूर्वीच्या फिल्मवरही हुबेहूब तोच डाग असेल, तर तो बहुधा जुना व्रण असतो, आणि आम्हाला तापाचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.