मिश्रीकंद : कंद खावा, फुले खुडावीत

दर्यापूर हा खारपाणपट्ट्यातला तालुका. जमीन काळी, चिकट. बोअरचे पाणी खारे. ‘आमच्या अंगणात काय पिकणार?’ असे भगिनी विचारतात. त्यांनी मिश्रीकंद लावून पाहावा. त्याला वावर नको, एक जुने पोते पुरते.

हा कंद मूळचा मेक्सिकोचा. आपल्या देशात बिहार, बंगालकडे त्याची शेती होते. साल काढली की आत पांढरा, रसाळ, गोडसर गर. मीठ-तिखट लावून कच्चाच खातात.

पोत्याला खाली भोके पाडावीत. माती, वाळू व कुजलेले शेणखत मिसळून भरावे. जून-जुलैत पाऊस लागला की बी एक इंच खोल टोबावे. पोते उन्हात ठेवावे, वेलाला काठीचा आधार द्यावा. पावसाळा सरल्यावर नळाचे गोडे पाणी बेताने द्यावे. खारे देऊ नये. डिसेंबर-जानेवारीत कंद निघतो.

आता महत्त्वाचे. फुलांनंतर वालासारख्या शेंगा येतात. त्यांच्या बियांत रोटेनॉन हे विष असते; ते कीड मारायला वापरतात. पानेही खाऊ नयेत. लेकरू वालाची शेंग समजून बी चावेल! म्हणून फुले दिसताच खुडावीत. त्याने धोका टळतो आणि वेलाची ताकद कंदात उतरून कंदही मोठा होतो. पेरून उरलेले बी कुलपात ठेवावे. चुकून कोणी खाल्लेच तर घरगुती उपाय करत बसू नये. उरलेले बी सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.