गोळीतले अंगी किती लागते?

कामगार संघटनेच्या माणसाने औषधशास्त्रावर बोलावे, याचे कोणाला नवल वाटेल. परंतु चिंचोळी एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल तयार होतो आणि तो आमच्याच माणसांच्या हातांखालून जातो. घरी आल्यावर तीच माणसे मधुमेहाची गोळी घेतात. तिच्यातले अंगी किती लागते, असे त्यांनी विचारले तर वावगे काय?

गोळी गिळली म्हणजे औषध रक्तात पोहोचले असे नव्हे. आधी ते विरघळले पाहिजे, मग त्याने आतड्याची स्निग्ध भिंत ओलांडली पाहिजे. पुढे यकृत आपली जकात कापून घेते. इतके होऊन जो वाटा मूळ रूपात रक्ताभिसरणात पोहोचतो, त्याला जैवउपलब्धता म्हणतात.

हा वाटा आधीच अजमावता यावा म्हणून 1997 साली अमेरिकेतील फायझर कंपनीच्या ख्रिस्तोफर लिपिन्स्की व सहकाऱ्यांनी एक ठोकताळा मांडला. रेणूचे वजन 500 पर्यंत असावे. तेलाची ओढ दाखविणारा लॉगपी हा अंक 5 पर्यंत. हायड्रोजन बंध देणाऱ्या जागा 5 पर्यंत आणि घेणाऱ्या 10 पर्यंत. यांपैकी दोन अटी मोडल्या, तर औषध नीट शोषले जाण्याची आशा थोडी.

मात्र ही चाळणी आहे, निवाडा नव्हे. मधुमेहावरील मेटफॉर्मिनच घ्या. त्याला लागणारे डायमिथाइल अमाइन हायड्रोक्लोराइड सोलापूर परिसरातच बनते. मेटफॉर्मिनच्या रेणूचे वजन अवघे 129. तरी तोंडावाटे घेतल्यास सुमारे 50 ते 60 टक्केच रक्तात पोहोचते. ते पाण्याचे सोबती, तेलाशी त्याचे जमत नाही. आतड्यातील वाहक प्रथिनांनी हात द्यावा लागतो. उलट सुमारे 1200 वजनाचे सायक्लोस्पोरिन अटी मोडूनही तोंडावाटे देता येते. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत ही तूट धरलेलीच असते; आपल्या मनाने गोळी वाढवू नये.

आता आमच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. रेणूचे गुण केवळ आतड्यापुरते नसतात. डायमिथाइल फॉर्मामाइड या द्रावकाचे वजन 73. ते कातडीतूनही शरीरात शिरते आणि यकृताला बाधते. तेव्हा योग्य हातमोजा ही मालकाची मेहेरबानी नव्हे. आतड्याच्या भिंतीसाठी जे गणित प्रयोगशाळेत मांडतात, ते कामगाराच्या कातडीसाठी खात्यातही मांडावे, एवढेच आमचे मागणे आहे.